कॅल्डवेलच्या पोटातली नावं

शरयू अंतरकर या बाईचे दोन नेम होते आणि दोन्ही तिनं मिरजेहून अमेरिकेला आणले होते. पहिला, नारळ वाढवल्याशिवाय कशालाही सुरुवात करायची नाही. दुसरा, काम आटोपलं की जागा पाण्यानं धुवायची. शॉमबर्गला घर घेतलं तेव्हा सामानाचा ट्रक दारात ताटकळत ठेवून तिनं आधी पायरीवर नारळ फोडला आणि मगच सोफा आत येऊ दिला. डीप फ्रीझर आला तेव्हा तिचा नवरा जगन्नाथ म्हणाला, "अगं, फ्रीझरला कसला आलाय नारळ?" त्यावर ती म्हणाली, "उद्या बंद पडला तर मटार तुम्ही निस्तरणार आहात का?" जगन्नाथनं नारळ आणून दिला. तो इंजिनिअर होता, कुठं बोलायचं आणि कुठं नाही याचा त्याला हिशेब होता.

आठवडाभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या तपासायच्या आणि शनिवार-रविवारी तिथल्या मराठी मंडळाची नाटकं बसवायची, असा तिचा संसार. नाटक बसवताना तिची जीभ म्हणजे दांडपट्टा. मोठमोठे सर्जन तिच्यापुढे वाक्यं विसरायचे आणि "सॉरी वहिनी" म्हणत पुन्हा विंगेत जायचे. पण तिचं नाटक पाहायला इंडियानाहून माणसं ड्राइव्ह करत यायची, तेव्हा सगळे ऐकून घ्यायचे.

१९८५च्या दिवाळीत मंडळानं संगीत नाटक ठरवलं आणि नेमका हायस्कूलचा हॉल मिळेना. मंडळाचा अध्यक्ष गिरीश कुठून तरी बातमी घेऊन आला. पश्चिमेला, नदीकाठच्या मिलहॅवन गावात कॅल्डवेल नावाचं जुनं थिएटर आहे, रविवारी दुपारी देतील म्हणतात. शरयू बघायला गेली आणि दारातच थबकली. छताचा गिलावा सुटलेला, गालिच्याला कुबट वास, पण रंगमंच असा की पाऊल टाकलं की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत यावा. "हेच," ती म्हणाली, आणि गिरीशनं किल्ली घेतली.

कॅल्डवेल बांधलं १९२६ साली, व्हॉडव्हिलसाठी. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात सतरा तऱ्हा. जादूगार यायचा, मग रडवणारी गाणी म्हणणारी बाई, मग बूट वाजवत नाचणारे दोघे भाऊ, मग दोन पायांवर चालणारे कुत्रे. मधूनच मूकपट. आणि या सगळ्यांना साथ करायला एकच वाद्य, पाइप ऑर्गन. मिरजेच्या शरयूला ऑर्गन म्हणजे विंगेशेजारी पायानं भाता मारत वाजवायचा तोच ठाऊक. इथला निराळाच. वाजवणारा बसायचा रंगमंचासमोरच्या खड्ड्यात, आणि आवाज यायचा दोन्ही बाजूंच्या जाळ्यांआडून, तिथल्या खोल्यांत उभ्या केलेल्या शेकडो नळ्यांमधून. बासरी, तुतारी, ढोल, पक्ष्यांची किलबिल, घोड्याच्या टापा, सगळं त्या एका पेटीच्या हुकमात. मग बोलपट आले, ऑर्गनवर खोळ पडली, ती पडलीच. छप्पर गळत गेलं आणि कातडी भाग कुजत गेले. आता गावाच्या कौन्सिलला ती जागा पार्किंगसाठी हवी होती.

हे सगळं शरयूला सांगितलं डोरोथी लिंडक्विस्ट या सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईनं. उंच, कृश, ओठांना कायम लाल लिपस्टिक. मुलगी असताना ती इथं ऑर्गन वाजवायची. तिनं गावातले चार-सहा निवृत्त लोक गोळा करून वाद्य दुरुस्त करायला घेतलं होतं. मे महिन्यात कौन्सिल थिएटरमध्येच बैठक घेणार होतं. तेव्हा ऑर्गन वाजला तर इमारत राहणार, नाही वाजला तर बुलडोझर. डोरोथीनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. शरयूला ती बाई तिथंच आवडली.

आता नाटकाचा दिवस. पडद्याआड नटराजाची पूजा मांडलेली, पहिली घंटा झालेली, आणि नारळ कुणी वाढवायचा यावरून मंडळात जुंपली. गिरीश अध्यक्ष, म्हणून मान त्याचा. पण चंद्रशेखर मंडळाचा संस्थापक. मंडळातल्या कांचनच्या नवऱ्यानं सगळा सेट स्वतःच्या गराजमध्ये बनवलेला, त्याला डावलून कसं चालेल? शिवाय नायक, नायिका, तबलजी. आपल्या लोकांना परदेशात सगळं मिळतं, मान तेवढा कमी पडतो. शेवटी शरयू वैतागून म्हणाली, "फोडा सगळ्यांनी एकेक, पण घंटेच्या आत फोडा." पडद्यापुढे रंगमंचाच्या कडेला लोखंडी पट्टी होती. तिच्यावर सहा माणसांनी सहा नारळ फोडले, भरलेले, टपोरे. सगळीकडे चिकचिकाट झाला. नाचणाऱ्या मुली अनवाणी, घसरून पडल्या तर? शरयूनं साडीचा पदर खोचला, बादली भरून आणली आणि अंगण धुवावं तशी कडेवर ओतली. एक ओतली, मग दुसरी. पाणी झरझर निघून गेलं. पाणी गेलं कुठं, हा विचार तिला शिवला नाही. आपल्याकडे पाणी जातं ते मोरीत जातं.

नाटक असं रंगलं की विचारू नका. डोरोथी शेवटच्या रांगेत तीन तास बसून होती, एक शब्द न कळता. पडदा पडल्यावर तिचा सोबती वॉल्टर, जुना प्लंबर, खड्ड्यात उतरला आणि त्यानं तिथं अंथरलेली चादर उचलली. खाली लाकडाच्या लांब पट्ट्या मांडलेल्या होत्या. कुणाचा पाय पडायला नको म्हणून त्यानंच त्या सकाळी तिथं नेऊन ठेवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर गोल खळगे, आणि प्रत्येक खळग्यावर कोकराच्या पातळ कातड्याची चकती, सैलसर, सरसानं चिकटवलेली. वारा भरला की चकती फुगते, वारा सुटला की बसते, आणि तिच्या जोरावर एकेक नळी बोलते. उन्हाळाभर खपून त्या माणसांनी हे काम केलं होतं. सरस म्हणजे जनावराच्या कातड्याचा डिंक, पाण्याशी त्याचं हाडवैर. चकत्या सुटून भिजल्या पापडासारख्या लोळत होत्या, आणि त्यांच्यात नारळाच्या शेंड्या.

शरयूनं वाकून पाहिलं. पाणी कुठं गेलं ते आता तिला कळलं. वॉल्टरचा चेहरा लाल झाला होता. डोरोथीनं एक चकती उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाली, "तुमचा तो म्हातारा गाणारा फार छान गायला." एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर शरयूला बरं वाटलं असतं.

मंडळाच्या बैठकीत ठरलं की एक छानसं सॉरी कार्ड पाठवायचं आणि पुढच्या वर्षी पुन्हा हायस्कूलच बुक करायचं. "ॲक्सिडेंट होता यार," चंद्रशेखर म्हणाला, "मुद्दाम कुणी केलंय का?"

"नारळ फोडायला सगळे होता," शरयू म्हणाली. "निस्तरायला कार्ड पाठवायचं? पाणी मी ओतलं. मी जाणार. कुणाला यायचं असेल त्यानं यावं."

"वहिनी, आपल्याला त्यातलं काय येतं?" गिरीशनं विचारलं.

"शिकू की. पोटातून कोण शिकून येतं?"

पुढच्या शनिवारी ती एकटीच गेली. लॉबीतल्या टेबलावर शेगडीवर सरस उकळत होता. तो वास नाकात शिरला आणि शरयू क्षणभर मिरजेत पोचली, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत, शाळेतून येताना नाक दाबून पळायची तिथं. तिनं डोरोथीला तसं सांगितलं. डोरोथी म्हणाली, "मग बैस. वास ओळखीचा असेल तर अर्धं काम झालं." हे मात्र साफ खोटं ठरलं. शरयूचा हात सढळ. साजूक तूप वाढावं तसा तिनं सरस लावला. दिवसभरात एक पट्टी पुरी केली आणि अभिमानानं पुढे ठेवली. डोरोथीनं एकेका चकतीवर बोट ठेवलं. सगळ्या सुकून कडक झाल्या होत्या, फुगायच्या नाहीत. तिनं पातं घेतलं आणि पट्टीवरच्या सगळ्या चकत्या खरवडून काढल्या.

शरयू घरी आली ती धुमसत. पातेली आपटली, जगन्नाथशी उगाच भांडली. "मी काचेवर रक्ताचा थेंब पसरते तो बघून डॉक्टर लोक वाहवा करतात," ती म्हणाली, "आणि ती बाई मला पुन्हा कर म्हणते."

"मग पुन्हा करणार का?" जगन्नाथनं विचारलं.

"करणार नाही तर काय? तिचं बरोबरच होतं."

तिसऱ्या शनिवारी तिचा हात बसला. पण हात बसल्यावर तिला दुसरंच दिसायला लागलं. वॉल्टर आणि त्याचे दोस्त प्रत्येकजण आपापल्या टेबलाशी, एकेक पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं करायचे. सरस गार व्हायचा, पुन्हा तापवायचा, कातडं कापायला उठायचं, पुन्हा बसायचं. या वेगानं मे काय, दसराही उजाडला असता. शरयूनं घरी येऊन मंडळातल्या बायकांना फोन फिरवले. "वसुधा, पापड करायचेत," ती म्हणाली. "पोळपाट आणू नकोस. जुनी साडी नेसून ये."

सहा-सात जणी आल्या. लॉबीतली टेबलं त्यांनी बाजूला सारली, जमिनीवर चादरी अंथरल्या आणि गोल करून बसल्या. एकीनं कातडं कापायचं, एकीनं सरसाच्या भांड्यापुढून हलायचं नाही, दोघींनी खळग्याच्या कडेला तो बोटानं लावायचा, एकीनं लाकडी गोटीनं चकती अलगद दाबायची, एकीनं वाळत घालायची. शेवटचीनं खालून फुंकर मारून बघायचं, चकती फुगली की पास. फुगलेल्या चकतीला त्यांनी नावही पाडलं, पुरी. वॉल्टर दारात उभा राहून बघत होता. बायका जमिनीवर बसून काम करतायत हे त्याला आधी पाहवेना, खुर्च्या घेऊन आला. तासाभरानं तो खुर्चीसकट परत गेला आणि येताना स्वतःसाठी उशी घेऊन आला. गुडघ्यांचे हाल झाले बिचाऱ्याचे, पण गोलात बसला, आणि गोटी फिरवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वसुधानं मात्र पहिल्या दिवशी अडवलं होतं. ती शुद्ध शाकाहारी, सोवळ्याओवळ्याची. कातडं हातात घ्यायचं आणि तेही कातड्याच्याच डिंकानं चिकटवायचं म्हटल्यावर ती दूर भिंतीशी जाऊन बसली. शरयू म्हणाली, "तुझ्या देवघरापुढे भजनाला मृदंग वाजतो, त्याला काय पुठ्ठा लावलाय?" वसुधानं मंगळसूत्र पदराआड सारलं, "घरी जाऊन आंघोळ करीन," असं जाहीर केलं आणि येऊन बसली. पुढे तिच्याइतकी नेटकी पुरी कुणाची फुगेना, आणि हे ती सगळ्यांना ऐकवायला विसरली नाही.

हिवाळा असा गेला. बाहेर बर्फ, आत सरसाचा वास आणि थर्मासमधला चहा. डोरोथी स्टुलावर बसून कॅल्डवेलच्या गोष्टी सांगायची. कुत्र्यांच्या खेळात एकदा एक कुत्रा तिच्या मांडीवर येऊन बसला आणि उठेचना, तिनं एका हातानं ऑर्गन वाजवला आणि दुसऱ्यानं त्याला थोपटलं. शरयू तिला सांगलीच्या नाटकांच्या गोष्टी सांगायची. दोघींच्या गोष्टींतले मालक सारखेच कंजूष निघाले.

मार्चमध्ये शेवटच्या पट्ट्या राहिल्या, 'व्हॉक्स ह्युमाना' नावाच्या नळ्यांच्या. लॅटिनमध्ये याचा अर्थ माणसाचा आवाज, असं डोरोथी म्हणाली. या नळ्या वाजल्या की दूर कुणीतरी गळा दाटून गातंय असं वाटतं. कांचननं एका पट्टीचं खालचं झाकण काढलं आणि ती थांबली. आतल्या लाकडावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. एल्सी. मे. रूथ. आणि खाली, १९२६.

"फॅक्टरीतल्या मुली," डोरोथी म्हणाली. "कातड्याचं काम मुलीच करायच्या, बोटं बारीक म्हणून. असं आत नाव लिहून ठेवायच्या. झाकण लागलं की कुणाला दिसत नाही."

बायका वाकून वाकून बघत होत्या. साठ वर्षांपूर्वी कुणी मे नावाची पोर अशीच सरसात बोटं बुडवून बसली असेल, आणि तिचं हस्ताक्षर अजून इथं, ठसठशीत. शरयूच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती काही उठसूट रडणारी बाई नव्हे. तिनं पेन्सिल मागितली. एल्सी, मे, रूथच्या खाली तिनं मराठीत लिहिलं, शरयू. मग पेन्सिल पुढे गेली. वसुधा. कांचन. सगळ्या जणींनी लिहिलं. वॉल्टरनंही लिहिलं. लाकडाच्या कोपऱ्यात शरयूनं कुंकवाचं बोट टेकवलं आणि पेन्सिल डोरोथीपुढे धरली.

डोरोथीनं नकारार्थी मान हलवली. "मी कातडं नाही लावलं. मी फक्त वाजवायचे. आणि तेही बदली म्हणून." मग ती हळूहळू बोलली. दारावरच्या पाटीवर नाव असायचं मोठ्या वादकाचं. तो रात्रीचे खेळ घ्यायचा. दुपारचे, पावसाळी, रिकाम्या खुर्च्यांचे सगळे खेळ तिचे. पाच वर्षं तिनं वाजवला. पाटीवर, कागदावर, कुठंही तिचं नाव कधी लागलं नाही. "सवय झाली," ती म्हणाली.

"मला नाही झाली," शरयू म्हणाली. नाटकात वाक्य विसरणाऱ्या सर्जनशी बोलायची तोच आवाज. "लिही."

डोरोथीनं पेन्सिल घेतली. बोटं संधिवातानं वाकडी झालेली, वेळ लागला. तिनं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढे लिहिलं, ऑर्गनवादक. वॉल्टरनं झाकण लावलं आणि स्क्रू पिळले.

मे महिन्यातल्या त्या रविवारी दुपारी कॅल्डवेल भरलं. अर्धं गाव होतं आणि सगळं मंडळ होतं. रंगमंचावर टेबल मांडून कौन्सिलचे लोक बसले होते. ऑर्गन ऐकायचा आणि तिथंच मत द्यायचं, असं ठरलं होतं. आत जाण्यापूर्वी गिरीशनं पिशवीतून नारळ काढला आणि पुन्हा मानाची कुजबुज सुरू झाली. शरयूनं तो काढून घेतला. "एकच फुटेल," ती म्हणाली, "आणि बाहेर, फुटपाथवर." तिनं तो डोरोथीच्या हातात दिला. डोरोथीनं कसा धरायचा ते विचारून घेतलं आणि एका फटक्यात फोडला. जगन्नाथ हळूच म्हणाला, "बादली आणू का?" शरयूनं त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचा विनोद त्यानं गिळला.

मग दिवे मंदावले आणि डोरोथी खड्ड्यातल्या जुन्या लिफ्टवरून ऑर्गनच्या पेटीसकट वर आली. लाल लिपस्टिक, पांढरा झगा. पहिल्या सुराला छताची धूळ खाली आली. घोड्याच्या टापा वाजल्या, किलबिल झाली, ढोल गडगडला, गावातले म्हातारे हसले, टाळ्या पडल्या. पण शरयू श्वास रोखून होती. अजून 'व्हॉक्स ह्युमाना'ची, आत नावं लिहिलेल्या पट्टीची पाळी आली नव्हती. एक जरी पुरी फुगली नाही तर तेवढाच सूर मुका राहणार, आणि तो मुका सूर सगळ्या गावाला ऐकू येणार. तिनं जगन्नाथचं मनगट घट्ट धरलं.

डोरोथीनं सगळं थांबवलं आणि एकच कळ दाबली. जाळीच्या आतून आवाज आला, बारीक, थरथरता, भरलेल्या गळ्यानं कुणी गावं तसा. मग दुसरा सूर, तिसरा, वर वर चढत गेलेला. एकही मुका नव्हता. वसुधा कुजबुजली, "हा माझा." पुढच्या सुराला कांचन म्हणाली, "हा माझा गं." कुणाचा कुठला हे त्यांना काय कपाळ कळणार होतं, पण एकीनंही दुसरीला खोडलं नाही. शरयूला वाटलं, आजवर बसवलेल्या सगळ्या नाटकांच्या टाळ्या एकीकडे आणि हे एकीकडे. तिची छाती अभिमानानं भरून आली आणि तिनं ती भरू दिली.

टेबलाशी सगळे हात वर झाले. पार्किंगच्या बाजूनं एकही नाही. लोक उभे राहिले, वॉल्टर गुडघे धरत उभा राहिला, शिट्ट्या झाल्या.

गिरीश गर्दीतून वाट काढत आला, हातात छापील कार्यक्रमपत्रिका. "वहिनी, हे बघा. आभार मानलेत 'कॅल्डवेलच्या मित्रांचे'. बस. मंडळाचं नाव नाही, तुमचं नाव नाही. एवढा विंटर तुम्ही घातलात. मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना, रीप्रिंट करा म्हणून."

शरयूनं त्याच्या हातातली पत्रिका घेतली, नीट घडी केली आणि पर्समध्ये टाकली. खड्ड्यापाशी डोरोथी अजून बाकावर बसली होती, लोक तिचे हात हातात घेत होते.

"काही सांगू नकोस, गिरीश," ती म्हणाली. "मान बाहेर लागतो. आम्ही आत आहोत."